मोठ्यांच्या नावावर

सातपूर, नाशिक
मंगळवार, ६ मार्च १९८४

प्रिय भिकन,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. वाचून घडी घातली आणि खिशातच ठेवलं. आई विचारत होती, "काय म्हणतो माझा मालेगाववाला?" मी म्हणालो, बरा आहे, आत्याचा खोकला कमी आहे. बाकीचं सांगितलं नाही, कारण त्यातलं एक वाक्य तुझं नव्हतं. "मोठी माणसं पंगतीला बसली म्हणजे स्वयंपाक चांगलाच असणार, आपणही पाट मांडून घ्यावा." हे आबांचं बोलणं आहे. तू तान्हा असताना भागुआत्याने तुला नेलं, बाप असूनही आबांच्या सहवासात तू कधी राहिलाच नाहीस. तरी तुझ्या अक्षरात मला त्यांचा आवाज ऐकू आला. म्हणजे ते कुणाकडून तरी लिहवून तुला कार्डं टाकतात.

इथलं खरं तुला कुणीच कळवलेलं नाही. कारखाना बंद पडला हे तुला माहीत आहे. आबा आता दुसरीकडे पहारेकरी आहेत असं आईने कळवलं होतं, ते खोटं. ते रोज सकाळी डबा घेऊन त्याच गेटावर जातात. भोंगा वाजत नाही, तरी त्या वेळेला चहाचा कप खाली ठेवून मान वर करतात. भीती याची वाटते, की हल्ली मीही तसंच करतो. गेटाला गंजकी साखळी, आत कमरेएवढं गवत. आबा बाहेर दगडावर बसतात आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येऊन साबणाने हात धुतात. हाताला ऑइल नसतंच. शेजारची चिमणाबाई आईला चिडवते, "मालक आला गं कामावरून, पगार झाला का इचार." आई म्हणते, "झाला की. तुला उसना देऊ का?" मग आत येऊन आबांचा डबा घासायला घेते.

कारखाना जोरात होता तेव्हा कंपनीने कामगारांना शेअर देऊ केले. आबांनी मखमलाबादचा झेंडूचा तुकडा विकून जास्तीचे घेतले. दरवर्षी शेअरवाल्यांची सभा व्हायची, चहा-चिवडा असायचा, आणि कुणाकडे किती शेअर आहेत त्याचं रजिस्टर बघायला मिळायचं. आबांना वाचता येत नाही, म्हणून मला न्यायचे. आबांच्या बरोबरचे सगळे फिटर माझ्याभोवती जमायचे आणि एकच नाव विचारायचे: मुंबईच्या बँकेचं. तो आकडा दरवर्षी वाढायचा. आबा म्हणायचे, "बँकेचे सायेब येडे हायेत का? त्यांना आतलं सगळं ठाव असतं." गेट बंद झालं त्या वर्षीही आकडा वाढला, आणि गेल्या वर्षी आणखी. आबांचं म्हणणं, बँक सोडत नाही, उलट वाढवते आहे, म्हणजे कारखाना उघडणार. तेच त्यांनी तुला कळवलं असेल. म्हणूनच तू आपली ही सातपूरची खोली तुझ्या सूतवाल्या शेठकडे गहाण टाकून, भाव पडलेत तोवर शेअर घ्यायचं म्हणतोस.

तुझं पत्र वाचून मी कंपनीत जाऊन आलो. गेटाशेजारच्या खोलीत सहादू कारकून एकटा बसतो. त्याने जुनी-नवी रजिस्टरं काढून दिली. मी बँकेचे आकडे एकाखाली एक उतरवले. उतरवताना चुकलो की काय अशी धाकधूक लागली, म्हणून बाकीची नावंही ताडून पाहिली. तेव्हा दिसलं, की बँकेचे जेवढे वाढत होते तेवढेच मालकाच्या घरच्यांचे कमी होत होते. आम्ही कोण आलं तेवढंच बघत राहिलो, कोण उठलं ते कधी पाहिलंच नाही. मी सहादूला विचारलं, बँकेने हे विकत घेतले का? तो म्हणाला, "विकत कोण घेतंय, बाबा! मालकाने कर्जापायी गहाण टाकलेले. हप्ते थकले, तसे बँकेने नावावर करून घेतले. गिऱ्हाईक भेटलं की आजच्या आज फुकून टाकतील." बँक पंगतीला बसलीच नव्हती, ती भांडी उचलायला आली होती. सहादू बोलत असताना खिडकीतून मला आबांची पाठ दिसत होती.

घरी येऊन मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मल्हारी, तू लय बारीक बघतो. मोठं दिसत नाय तुला." आणि सकाळी पुन्हा गेले.

आज ट्रंकेत खोलीचा कागद नाही. उद्या दुपारच्या गाडीने बहिणीला भेटायला मालेगावला जातो, असं ते आईला म्हणालेत. मी अडवायला निघालो तर आईने माझा हात धरला. "अडवू नको रे. आता अडवलं तर त्या दगडावरून उठायचे नाहीत ते." म्हणून हे पत्र सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर बहिरू याच्याकडे देतोय. आबा पोचायच्या आत तुला मिळेल. तू स्टँडवर जा. शेठ नाही म्हणाला असं सांगू नकोस, ते दुसरा शेठ गाठतील. तू स्वतः नाही म्हण. मी 'नाही' म्हटलं की ते माझ्या भित्रेपणावर ढकलतात, तुझ्यापाशी त्यांना तसं करता येणार नाही. त्यानंतर लगेच परत पाठवू नकोस. तुमच्या गल्लीत दिवसभर माग चालतात. एखाद्या मागाचं काही बिघडलं असेल तर मालकाला विचारून आबांच्या हातात पाना दे. चार वर्षांत त्यांनी चालतं यंत्र ऐकलेलं नाही.

वाट बघणारा, तुझाच
मल्हारीदादा