पानाला सांगितलेलं नाव

३ फेब्रुवारी
ओग्बोमोशोच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून आज रुजू झाले. खोली झकास, पंखा फिरतो, आणि पोटातल्या सहा महिन्यांच्या बाळानं प्रवासात जराही त्रास दिला नाही. काम मजेशीर आहे. कँटीनमधलं आंबलेलं मोइन-मोइन, म्हणजे चवळीच्या वाफवलेल्या वड्या, आणायचं, त्यातले जीवाणू काचेच्या बशीतल्या जेलीवर वाढवायचे, मधोमध पानांच्या अर्कात बुडवलेली कागदाची चकती ठेवायची. अर्क लागू पडला की चकतीभोवतीचे जीवाणू मरतात आणि स्वच्छ गोल उमटतो. इथले जुने तंत्रज्ञ बाबा ओलागोके म्हणाले, आधीची पोरगी या वासानं आठवड्यात पळाली, बघू इबिडुनबाई किती टिकतात.

५ फेब्रुवारी
सकाळी अर्कासाठी आवारातल्या एफिरीनची, म्हणजे रानतुळशीची, पानं खुडली. आजी बाजारात पाला विकायची. झाडाला नमस्कार करून, पान कुणासाठी हवंय त्याचं नाव सांगूनच हात लावायचा, हे तिनं माझ्या अंगात मुरवलंय. आता आंबलेल्या चवळीच्या वड्यांचं नाव काय सांगणार? हसत हसत बाळाचं सांगून टाकलं. जन्मानंतर आठव्या दिवसापर्यंत आमच्यात नाव उच्चारत नाहीत. मनात ठरवलेलं हे नाव मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पण झाड कुणाला सांगायला जातंय.

६ फेब्रुवारी
सगळ्या बशांत स्वच्छ गोल, चौदा मिलिमीटरचे. बाबा खूश, मला केळ्याचे काप खाऊ घातले. अंघोळ करताना बेंबीभोवती एक फिकट गोल दिसला. गंमत म्हणून पट्टी लावली. चौदा.

९ फेब्रुवारी
बशीत एकवीस. पोटावर एकवीस. तिथं सुई टोचली तरी कळत नाही. बाळाच्या काळजीनं दवाखान्यात धावले. नर्स म्हणाली, बाळ ठणठणीत आहे, इतके दणदणीत ठोके मी कधी ऐकले नाहीत, तूच तेवढी वाळत चाललीस.

१० फेब्रुवारी
बाबांना सांगितलं. ते आधी हसले. मग विचारलं, नाव कुणाचं घेतलंस. मी पोटावर हात ठेवला, तसं त्यांनी मला स्टुलावर बसवलं. म्हणाले, ज्याचं नाव सांगावं त्याच्याभोवतीचं सगळं पान साफ करतं. आजाऱ्याभोवती रोग असतो. पोटातल्या जिवाभोवती काय असतं, पोरी?

मी स्वतःला चकती समजत होते. चकती बाळ आहे.

उपाय एकच, म्हणाले. झाडापाशी उभं राहून ते नाव मोठ्यानं परत मागायचं. झाडाशी सकाळीच बोलतात. उद्या —

११ फेब्रुवारी, सकाळ
काल सगळ्या बशा उकळून टाकल्या, तरीही — गोल गळ्यापर्यंत. पट्टी पुरत नाही. झाडापाशी गेले, तोंड उघडलं, आणि जीभ — तोंडात आहे, पण हलत नाही. बाबा विनवत होते, नाव लिहून दे, तुझ्या वतीनं मी मागतो. पण आठव्या दिवसाआधी ते माणसाला कसं कळवू? ठाऊक फक्त मला. मला आणि झाडाला.

थोड्या वेळानं
बाळ लाथा मारतंय. मजेत. मला भीती वाटतेय, फार भीती. डावा हात गेला. उजव्याची बोटं — बाबांनी वही धरलीय, झाडाखालीच बसलोय. लिहिते. बाबा, मोठ्यानं वाचा. तिचं नाव ए