महिनाभराचं अतिक्रमण

प्रिय मानमान,

गुडघे दुखतात, लीड्सपर्यंतचा प्रवास झेपणार नाही, नर्स येणार आहे ते बरंच झालं, असं मी तुला फोनवर सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. तुझ्या बाळंतपणाला मी यायचं की नाही, हे त्या मेल्या एका इंग्रजी शब्दाने ठरवलं.

तुझे बाबा गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी ज्येष्ठांच्या इंग्रजी वर्गाला जाते. तिथे निदान कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं. आमच्या चू मॅडम तुझ्याहून लहान, पण कडक. कुणाकडे जाताना आपण चिनी माणसं 'त्रास देतेय हं' म्हणतो ना काकू, म्हणाल्या, त्याला सभ्य इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत. आणि फळ्यावर लिहिलं: इन्ट्रूड, इम्पोज, एन्क्रोच, ट्रेसपास.

मला 'एन्क्रोच' भारदस्त वाटला. जावयाला पहिल्यांदाच इंग्रजीत लिहायचं, तर त्याला साजेसा शब्द नको? म्हणून कॉलिनला कळवलं की महिनाभर मी तुमच्या घरावर एन्क्रोच करणार आहे, क्षमा असावी. पुढच्या वर्गात समजलं, कुंपण सरकवत सरकवत दुसऱ्याची जमीन बळकावतात, त्याला तो शब्द. म्हणजे मी जावयाला अतिक्रमणाची नोटीस धाडली होती! माझ्याच वर्गातली शेजारची तान मावशी अजून जिन्यात भेटली की विचारते, काय गं वनलान, कुंपण कुठवर आलं? मीही हसते. घरात येऊन दार लावलं की हसू येत नाही.

कॉलिनचं उत्तर गोड होतं. आई, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही नर्स ठरवली आहे. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. 'त्रास देतेय' म्हणणाऱ्याला 'छे, त्रास कसला, या ना' म्हणायचं असतं, हे त्याला कोण शिकवणार? इथे लाल खजूर आणि तांबडी साखर आणून ठेवली आहे. बाळ झाल्यावर महिनाभर तुझे हात गार पाण्यात जाऊ द्यायचे नाहीत, शेंगदाणे घालून डुकराच्या पायांचं सूप द्यायचं, हे त्या नर्सला थोडंच ठाऊक असणार.

पण मानमान, तुला तर आपली रीत माहीत आहे. माझा मजकूर त्याने तुला वाचून दाखवलाच असेल. मला काय म्हणायचं होतं, ते तुला लगेच कळलं असणार. मग 'आई, ये' असं तू का नाही म्हणालीस? फोनवर हवापाणी बोलतेस, तुझं वाढलेलं वजन सांगतेस, एवढंच टाळतेस. हेच मला खातंय. फोन केला असता तर मी पुन्हा खोटं बोलले असते, म्हणून लिहितेय. मला यायचंय. तुझ्या उशाशी बसायचंय. मी तिथे नको असेन, तर तसं स्पष्ट लिही, आपल्या भाषेत, सभ्य शब्द न शोधता. मी रडेन आणि गप्प बसेन. आणि हवी असेन, तर नुसतं 'ये' म्हण.

तुझीच, पाहुणी नसलेली,
आई