शेजारपाजारचं तिसरं गाणं

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

फोन केला की तू हातमोजे घालून कुणाच्या तरी दाढेत अडकलेली असतेस, म्हणून पत्र. दादाची आणि माझी जोडगोळी तुला ठाऊकच आहे: ‘शेजारपाजार’. तो गिटार वाजवतो, मी अकॉर्डियन, आणि गातो दोघंही. वळण लोकगीतांचं, पण गाणी रोजच्या गोष्टींची: बंद पडलेली लिफ्ट, वरच्या मजल्यावरचं भांडण, दोघांत एक छत्री. पहिला अल्बम खिडक्यांना पांघरुणं लावून घरातच रेकॉर्ड केला. तो सोबत पाठवते आहे. आजवर ऐकला फक्त नातेवाइकांनी, तोही भिडेखातर.

दादाला परगावची नोकरी चालून आली आहे. वीस तारखेच्या कार्यक्रमाला नात्याबाहेरची माणसं आली नाहीत तर आता पुरे, असं तो म्हणतो. मला रडूच येतं गं. त्याच्याशिवाय मला एकटीला गाता येत नाही. तुझ्या दवाखान्यात दिवसभर माणसं येतात, त्यांच्या कानावर घालशील?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिऊ

९ मार्च

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

अल्बम पोचला. पहिल्यांदा वाटलं, दादूला सर्दी झालीय. दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं, तो गातोच असा, आणि बरा गातो. तुझा खालचा सूर त्याला धरून ठेवतो. हे सांगणार नव्हते, डोक्यावर बसशील.

सोमवारपासून दवाखान्यात लावते आहे. तिसरं, ते लिफ्टचं गाणं, माझ्या ड्रिलच्या वेळेत अगदी चपखल बसतं आणि त्याची घरघरही झाकतं. म्हणून ड्रिल सुरू झालं की तेच. किडक्या दाताचा माणूस ते तीन-चारदा ऐकल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही. तक्रार करायला तोंड मोकळं नसतं, हे माझ्या पथ्यावरच पडलं. कार्यक्रमाचा कागद औषधाच्या चिठ्ठीला टाचून देते, म्हणजे लोक मुकाट्याने पाळतात.

रडणं बंद, रियाज चालू. दोघांनाही माझा लोभ वाटून घ्या, भांडू नका.
तुझी आत्या

२२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

अगं, काय करून ठेवलंस! हॉल भरला, त्यात चाळीस माणसं तुझीच. दोन गाणी झकास झाली. तिसरं सुरू केलं आणि अर्ध्या हॉलने गाल धरले. पहिल्या रांगेतल्या बसड्रायव्हरने तर डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट पकडले. दादा कडव्याच्या मध्येच अडला. शब्द गेले, गिटार थांबली.

तेवढ्यात त्या ड्रायव्हरने डोळे उघडून पुढची ओळ म्हटली. मग मागून एका बाईंनी. बघता बघता तुझी सगळीच माणसं, शब्द न् शब्द पाठ! ड्रायव्हरकाका नंतर म्हणाले, तुझ्याकडे आले त्या दोन्ही वेळा खुर्चीत पडल्या पडल्या हे म्हणायची सुरसुरी आली होती, पण तोंडात तुझे हात होते.

मी हवेत होते. दादाला मात्र तेव्हापासून नोकरीचं विचारलं की विषय बदलतो. तुला काही बोलला तर लगेच कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

लोभ आहे तो असाच असू दे.
तुझी चिऊ

२३ मार्च

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

नोकरीला मी कार्यक्रमाच्या चार दिवस आधीच होकार कळवला होता. चिऊला सांगितलं नाही. माणसं येऊ नयेत अशी माझी इच्छाच होती, म्हणजे सोडताना वाईट वाटलं नसतं. शब्द गेले ते लोकांच्या गालांमुळे नाही. गाता गाता चिऊकडे पाहिलं. ती नेहमीसारखी हसली. हे शेवटचं आहे, हे फक्त मलाच ठाऊक होतं. माझी मलाच लाज वाटली, आत्या.

आज सकाळी फोनवर नकार कळवला. तिथले साहेब फार चिडले. चिऊला अजून काहीच माहीत नाही. ती आतल्या खोलीत नवी चाल बसवते आहे. माझी ओळ आली की गात नाही, तेवढा वेळ नुसती थांबते आणि मग पुढे जाते. पाकीट बंद केलं की जातो आत.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा दादू