फाळावरचं कुंकू

१२ जुलै, रविवार. घोटी.

समुद्राच्या तळात केबल पुरणारा आमचा छोटा नांगर आज काकांच्या चिखलणी झालेल्या भातखाचरात ओढला. नाशिकच्या वर्कशॉपमध्ये असा गाळ कुठून आणणार? पुन्हा डावीकडेच गेला. आज सरळ जाईल असं का वाटलं होतं मला? पुढच्या आठवड्यात बंदरावर न्यायचाय, आणि आम्ही अजून ओढायच्या दोरालाच दोष देत होतो.

ओढण्याआधी काकूने फाळाला दोन्हीकडून कुंकू लावलं. धुऊन जाऊ नये म्हणून तेलात कालवून. मी घाईत, जरा चिडलेच. तर म्हणाली, "पाण्यात चाललाय तो, असा कोरा नाय जायचा."

नंतर फाळ धुताना पाहिलं. डावीकडचं कुंकू जसंच्या तसं, उजवीकडचं पार घासून गेलेलं. म्हणजे चिखल उजवीकडूनच रेटत होता. दोर बरोबर होता, फाळच तिरका बसलाय. कुंकू नसतं तर?

पाचर मारून फाळ सरळ केलाय. उद्या लावणीआधी काका एकदा ओढू देणार आहेत. काकू कुंकवाची वाटी आत नेत होती. म्हटलं, राहू दे बाहेर. सकाळी मीच लावणार आहे, दोन्हीकडे सारखं.