उतारावर लावलेली गाडी

बाबा, मी गाडी चालवते. ढकलत नाही, चालवते, आणि तीही पगारावर. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते आणि माझा गाडीशी संबंध फक्त मागच्या बाजूने होता. कनेरगाव नाक्यावर, ढाब्याच्या पुढच्या उतारावर तुमची जीप उभी असायची. काचेवर निळ्या अक्षरांत जय भीम, आणि मागच्या पत्र्यावर माझे तळहात लागून लागून रंग उडालेली जागा. जीपची बॅटरी कायम दमलेली. नवी घ्यायची ती पुढच्या महिन्यात, असं तुम्ही दर महिन्याला म्हणायचात. तोवर काय, जीप उतारावर लावायची, सवारी भरली की ढकलायची, आणि गाडीने जरा वेग धरला की तुम्ही दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. धाडकन एक हिसका बसायचा, धूर निघायचा आणि जीप चालू. मग थांबायची सोय नव्हती, थांबली तर पुन्हा बंद पडायची. मी मागून पळत येऊन उडी मारून आत चढायची आणि पत्र्यावर दोन थापा मारायची. तोवर तुम्ही आरशात बघत गाडी हळूच रांगवत ठेवायचात. थाप ऐकू आल्याशिवाय तुम्ही कधी रेस दिली नाही. आत बसलेली माणसं कितीही कावली तरी नाही.

एकदा मी म्हणाले होते, "बाबा, आज मी बसते ष्टेरिंगवर, तुमी ढकला." सगळी सवारी हसली. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आधी ढकलायचं शिक. ढकलणाऱ्याला गाडी कळती." मला तेव्हा तो नकारच वाटला होता आणि मी दिवसभर तोंड फुगवून बसले होते.

आता मी हिंगोलीत एका संस्थेची गाडी चालवते. गावोगाव डोळे तपासायचं शिबिर लागतं. मोतीबिंदूवाली म्हातारी माणसं गोळा करून दवाखान्यात आणायची, ऑपरेशन होऊन डोळ्यावरची पट्टी सुटली की परत घरी सोडायची. काम मला फार आवडतं. येताना म्हाताऱ्या रडत येतात आणि जाताना माझ्या गाडीतल्या सीटच्या कव्हराला नावं ठेवत जातात, म्हणजे दिसायला लागलं असं समजायचं. ही गाडी मला सुखासुखी मिळालेली नाही. बाई ड्रायव्हर म्हटल्यावर संस्थेच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या आणि शिबिराच्या डॉक्टरीणबाईंनी भांडून मला ठेवून घेतलं होतं.

मागच्या वर्षी साहेबांनी पुण्याहून एक यंत्र आणलं. जीपीएस म्हणतात त्याला. हाताच्या पंजाएवढं, काचेला चिकटवायचं, वायर गाडीच्या सॉकेटमध्ये घालायची. ते रस्ता दाखवतं म्हणे. आपल्याकडचे रस्ते त्याला मुळीच ठाऊक नाहीत. हट्टा गावाला जाताना ते मला सारखं मागे वळायला सांगायचं, आणि मी त्याला म्हणायची, गप बस, मी तुझ्या आधीपासून इथं आहे. पण गाडी कुठून कुठे गेली त्याची रेघ मात्र ते आपल्या पोटात जपून ठेवायचं. महिनाअखेरीला साहेब ते संगणकाला जोडून ती रेघ बघायचे. यंत्र साहेबांच्या भावाने वापरून टाकलेलं, जुनं. सुरुवातीला बरं चाललं. मग एका महिन्याला साहेबांनी मला आत बोलावलं. पडद्यावर रेघ हिंगोली, औंढा आणि जवळा बाजार एवढीच, त्यापुढे हट्ट्याकडे काहीच नाही.

"हट्ट्याला गेलाच नाहीत तुम्ही?" साहेब म्हणाले.

"गेले ना साहेब. तिथली माणसं घेऊन आले की."

"ती माणसं जवळ्यालाच बोलावून घेतली असतील. डिझेल मात्र हट्ट्यापर्यंतचं लागलंय. बघा, बाईमाणसाला झेपत नसेल तर तसं सांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा असं दिसलं तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

म्हणजे बाबा, तुमच्या लेकीला त्यांनी तोंडावर डिझेलचोर म्हटलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. माणसांना विचारा म्हटलं, तर म्हणे यंत्र खोटं बोलत नाही. मी बाहेर आले, गाडीत बसले आणि त्या यंत्राकडे नुसती बघत राहिले. ठरवलं, याच्याच तोंडून खरं वदवायचं. गाडी सोडायची नाही. मुळीच नाही.

दोष सापडायला फार वेळ लागला नाही. गाडी चालू करायला चावी फिरवून सेल मारला की यंत्राची काच काळी व्हायची, मग पुन्हा उजळायची, आणि आधीची रेघ गायब. मला एकदम तुमची जीप आठवली. सेल मारताना पुढचा दिवा मंद व्हायचा आणि तुम्ही म्हणायचात, "बघ, सगळी ताकद सेल खाऊन राहिला. दिव्याला काय राह्यलं?" इथं तेच होत होतं. सेल मारायच्या क्षणी सॉकेटमधली वीज तुटायची. यंत्राच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते, तिने तो क्षण तारून न्यायचा. ती मेली होती. येताना रेघ परत नवी सुरू व्हायची, आणि मी जवळ्याला चहाला थांबून पुन्हा सेल मारला की तीही पुसली जायची. उरायची ती फक्त जवळा ते हिंगोलीची, जी हिंगोलीत यंत्र बटणाने बंद केलं की आत जपली जायची.

नवी बॅटरी मिळेपर्यंत शिबिरं थांबणार नव्हती. मग मी काय केलं असेल, ओळखा. गाडी उतारावर लावायला लागले. बंद करताना चावी एक घर मागे ठेवायची, म्हणजे सॉकेटची वीज चालू राहते. निघताना ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर, क्लच. सेल मारायचाच नाही. औंढ्याकडे टेकाडं आहेत, तिथं काही तकलीफ नव्हती. पण हट्ट्याकडची जमीन तुम्हाला ठाऊक आहे, काळी आणि सपाट, तव्यासारखी. शेवटी कालव्याचा भराव सापडला. माणसं शाळेपाशी उतरवायची आणि गाडी नेऊन भरावावर उभी करायची. एक म्हातारी, जिला समोरचं माणूस धड दिसत नव्हतं, तिला एवढं मात्र बराबर दिसलं.

"काहून वं बाई," ती म्हणाली, "गाडी काहून त्या कालव्यावर चढवून राहिली? बकरी हाये का ती?"

"आजी, तिला खालचं गवत आवडत न्हाई," मी म्हणाले. तिचं ऑपरेशन झाल्यावर ती मला भेटली तेव्हाही पहिल्यांदा बकरीचीच चौकशी केली.

पण असं किती दिवस चालणार. हिंगोलीत मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे यंत्र नेलं. त्याने उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ये खुलता नहीं. फेंक दो, नया लो." मी म्हटलं, उघडायचं मी बघते, तुम्ही फक्त अशा मापाची बॅटरी आणून द्या. त्याने नांदेडहून मागवून दिली. चपटी, चॉकलेटच्या वडीएवढी. तीन वायरी होत्या, लाल, काळी, पांढरी, पण टोकाचा प्लग वेगळा. "लगेगा नहीं," तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघून तुमच्या सवाऱ्यांचं हसणं आठवलं आणि मी बॅटरी घेऊन घरी आले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात पाट मांडला. आई समोर गहू निवडत बसली होती. तिला वाटलं मी घड्याळ उघडते आहे. मागचे स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत टाकले, जुन्या प्लास्टिकच्या ओळखपत्राची कड फटीत घालून सगळीकडून हळूहळू फिरवली, आणि झाकण निघालं. आत जुनी बॅटरी पुरीसारखी फुगलेली. फुगलेली बॅटरी फुटली तर आग लागते असं दुकानदाराने निदान एवढं तरी बजावलं होतं. म्हणून तिला न दाबता, न टोचता, खालचा डिंक दोऱ्याने कापत सोडवली. आता जुन्या बॅटरीचा प्लग कापून नव्या बॅटरीला जोडायचा होता. मी नव्या बॅटरीच्या तिन्ही वायरी चिमटीत एकत्र धरल्या आणि कात्री लावणार, एवढ्यात आई म्हणाली, "आधी काळी."

मी थांबले. ती गहूच निवडत होती, मान वर केलेली नव्हती.

"काय म्हणालीस?"

"आधी काळी काढावी म्हणायचे न्हाई का तुजे बाप? तूच तर बोलणी खाल्ली व्हती. मला तर त्या दिवशी सोड्याचं पानी तापवून तापवून जीव नको झाला व्हता."

बाबा, मी कात्री खाली ठेवली. तिन्ही वायरी एकदम कापल्या असत्या तर कात्रीच्या पात्यावर लाल आणि काळी एकत्र आली असती, आणि नव्या बॅटरीची तिथंच राख. तो दिवस लख्ख समोर उभा राहतो. आई चुलीवर पाणी तापवते आहे, त्यात खायचा सोडा टाकते आहे, कारण जीपच्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरं साचलंय आणि ते धुवायचंय. मी शहाणपणा करून पाना घेते आणि लाल वायरीचा नट आधी सैल करते. पाना बॉनेटच्या पत्र्याला लागतो, ठिणगी उडते, तुम्ही माझ्या हातावर फटका मारून पाना उडवता. "आधी काळी! मरायचं हाये का तुला? काढताना आधी काळी, लावताना शेवटी काळी." मी रडते. तुम्ही माझी बोटं एकेक करून तपासता, भाजलं नाही ना बघता. संध्याकाळी तोच दहा-अकराचा पाना पुसून माझ्या दप्तराच्या कप्प्यात ठेवता आणि म्हणता, "हा तुजा." दुसऱ्या मुलींच्या दप्तरात कंपास होता, माझ्या दप्तरात पाना. मला त्याचा केवढा अभिमान होता, ते तुम्हाला कधी बोलले नाही. तो अजून माझ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आहे.

मग एकेक वायर कापली. आधी काळी, तिला चिकटपट्टी. मग पांढरी, मग लाल. जुन्या प्लगच्या वायरींना रंगाला रंग जुळवून डाख दिला, लाल आधी, काळी शेवटी. नव्या प्लगमध्ये वायरींचा क्रम वेगळा होता, म्हणून जागा बघायची नाही, रंग बघायचा, हे मनात घोकत होते. फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यात घालून अंगणात ठेवली. झाकण बसवलं, बटण दाबलं. काच काळीच. आईने आता मान वर केली. "मेलं का?" मी म्हणाले, "उपाशी असंल." यंत्र गाडीत नेऊन चार्जिंगला लावलं आणि आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो, कारण मला घरात बसवेना. बऱ्याच वेळाने काचेवर बॅटरीचं हिरवं चित्र उमटलं. मी आमच्या सपाट गल्लीत, उताराचं नावही नसलेल्या जागी, सेल मारला. इंजिन चालू झालं. बंद केलं, पुन्हा मारला, पुन्हा मारला.

"इझलं न्हाई," आई यंत्राच्या काचेकडे बघत म्हणाली. आणि मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "बसा म्हणावं आता साहेबाला गप."

त्या महिन्याची रेघ साहेबांनी पडद्यावर बघितली तेव्हा मी समोर उभी होते. हट्टा आला, कालव्याचा भराव आला, परतीचा रस्ता आला. काय झालं होतं ते मी सगळं सांगितलं, झाकण उघडल्यासकट. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही, पण पुढच्या महिन्याच्या फेऱ्यांचा कागद माझ्या हातात दिला. मग पडद्यावर एका जागी बोट ठेवून म्हणाले, "कनेरगाव नाक्यावर शिबिर तर शाळेत होतं. गाडी ढाब्यापुढे काय करत होती?"

"तिथं माझ्या बाबांची जीप लागायची," मी म्हणाले. त्यांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पान्याखाली, डॅशबोर्डमध्येच राहील ते. पण साहेबांना जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. त्या दिवशी कनेरगावला यंत्राची बॅटरी चांगली होती, गाडीची चांगली होती, सेल मारला असता तर एका झटक्यात निघाले असते. मी मारला नाही. ब्रेक सोडला, तुमच्या उतारावरून गाडी घरंगळू दिली, दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी चालू झाली. आणि मी रेस दिलीच नाही, तशीच रांगवत ठेवली, आरशात बघत, मागच्या पत्र्यावर थाप पडायची वाट बघत.