लागला असं समजा

शनिवार, पिंप्राळा

विजेच्या कामातून गणित कसं शिकवायचं, याचं आम्हा हायस्कूल शिक्षकांचं प्रशिक्षण आज संपलं एकदाचं. तज्ज्ञ साहेबांनी थर्माकोलवर बल्ब चिकटवून आणला होता. वायरी रंगवलेल्या! मी विचारलं, "सर, हा लागतो का?"

"लागला असं समजा, मॅडम."

मागून दोंडाईच्याचे सर म्हणाले, "ताई, समजा ना लवकर, जेवण थंड होतंय." सगळे हसले. काय ही माणसं! मला अपूर्णांक आईनं ब्लाउज बेतताना शिकवले. कापड चुकीचं कापलं, तर 'बसलं असं समजा' म्हणायची सोय नव्हती.

पण सोमवारी नववीसमोर मीच उभी राहणार. पोरींनी तोच प्रश्न विचारला तर? मला तरी कुठे येतं? म्हणून संध्याकाळी खरा होल्डर, खरी वायर घेऊन बसले. जोडलं, बटण दाबलं, फ्यूज उडाला.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "माय वं! बठ्ठा घरमा अंधार! हाईच शिकाडं का तुले तठे?"

नाही गं आई. तिथं तर फ्यूजसुद्धा उडाला नाही.