फंक्शनच्या पोटातलं फंक्शन

५ ऑगस्ट १९९९, भोकरदन

आज चार वाजता सगळं बदललं. सर्जेरावांच्या कॉम्प्युटर क्लासात मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवत होतो; विषय फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा नाव दिलेला तुकडा. बारावी झालेली बेबीनंदा मागून म्हणाली, "सर, एका फंक्शनच्या पोटात दुसरं लिहिता येतं का?" नाही म्हणालो. "येत न्हाई, का तुम्हाला येत न्हाई?" पोरं खिदळली. मी खडू फेकला, वर्ग सोडून दिला. घरी येईपर्यंत राग उतरला. ती मात्र डोक्यातून उतरेना!

६ ऑगस्ट

तसं लिहून पाहिलं. प्रोग्राम चालता करणारं क्लासातलं टर्बो सी घेतच नाही. सारखी तीच एरर. म्हणजे मी बरोबर होतो. मंग बरं का वाटेना?

१६ ऑगस्ट

औरंगाबादहून मासिकासोबतची लिनक्सची सीडी आणली. तिच्यातल्या, त्याच कामाच्या जीसीसीनं घेतलं की! आतल्या फंक्शनला बाहेरच्याचं सगळं दिसतं — न सांगता. माणसांत अशी सोय हवी होती. तिच्यापुढं तोंड तरी उघडावं लागलं नसतं.

१७ ऑगस्ट

तिला दाखवलं. माझं चुकलं म्हणालो — आयुष्यात पहिल्यांदा. ती खूश. लगेच पुढचं : आतल्या फंक्शनचा मेमरीतला पत्ता बाहेर नेला, अन् बाहेरच्याचं काम संपल्यावर त्या पत्त्यावर हाक मारली तर? बिनधास्त मारा, म्हणालो. चालवलं. चाललं! छाती फुगली.

तिनं मधे छापायची एक साधी ओळ टाकली. प्रोग्राम कोसळला.

मी की-बोर्ड आपटला. तुमच्या ओळीनं बिघडवलं, म्हणालो. ती म्हणाली, "ओळीचा काय दोष? बाहेरचं फंक्शन उठून गेलं, त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं. पत्ता बराबर हाये, सर. तिथं आता कोणी राहत न्हाई."

१८ ऑगस्ट

ती बरोबर. आधी चाललं ते निव्वळ नशीब.

२० ऑगस्ट

बेबीनंदाला औरंगाबादला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. माझंच कॉलेज — एका मास्तरांशी भांडून दुसऱ्या वर्षात सोडलेलं, तिलाही ठाऊक. उद्या जाणार म्हणाली. मनातलं बोलायला गेलो, निघालं भलतंच — तिथले मास्तर बेकार आहेत! ती हसली नाही. "तुम्ही कधी परत येता? तिथं मी तुम्हाला सर म्हणणार न्हाई."

मंग काय म्हणणार? विचारायचं राहिलं. कान तापले होते.

२१ ऑगस्ट

कॉलेजात फोन केला. उचलला त्याच मास्तरांनी. माफी मागितली. म्हणाले, सोमवारी ये.

२३ ऑगस्ट, सोमवार

औरंगाबादला निघालो. क्लासचं दार ओढून घेतो — न आपटता.